बोटीवरचा गॅस ग्रिल: फिरणाऱ्या मेसेजमधल्या सहा दाव्यांना उत्तर

‘शिडाच्या बोटीवर गॅस ग्रिल? बिनधास्त न्या!’ अशा मथळ्याचा एक मेसेज संभाजीनगर, लातूर, नांदेडकडच्या बऱ्याच ग्रुपांवर फिरतो आहे. त्यात सहा दावे आहेत. पाण्यावर वारं असतं, म्हणून गळलेला गॅस उडून जातो. छोट्या डब्यातल्या गॅसने काही होत नाही. काम झालं की ग्रिल डब्यासकट केबिनमधल्या कपाटात ठेवावा, ऊन लागत नाही. गळती झालीच तर वास येतो. पाऊस आला तर खिडकी उघडून केबिनमध्येच भाजावं. आणि आग लागली तरी चारी बाजूंनी पाणीच आहे.

यातला उन्हाचा अर्धा मुद्दा सोडला, तर बाकी सगळं जिवावर बेतणारं आहे.

मराठवाड्याला समुद्र नाही, मग आपल्याला काय त्याचं, असं म्हणून चालणार नाही. आपली मुलं सुट्टीत गोव्याला, मांडव्याला जाऊन बोटीवर फिरतात. परदेशात स्थायिक झालेल्या आपल्या काही लोकांनी स्वतःच्या पंचवीस-तीस फुटी बोटी घेतल्या आहेत, आणि हा मेसेज त्यांच्याकडेही इथूनच जातो. मी बोटींवर गॅसच्या फिटिंगची कामं केली आहेत, आता पैठणला असतो. मेसेज पुढे पाठवणारे शहाणी, जपणारी माणसं आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला दावा वाऱ्याचा. प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतो आणि ब्यूटेन जवळजवळ दुप्पट. आपल्या घरच्या टाकीत या दोन्हींचं मिश्रण असतं. म्हणजे गळलेला गॅस वर जात नाही, खाली उतरतो. घरात तो निदान दाराच्या फटीतून बाहेर सरकू शकतो. बोटीला खाली दार नसतं. पाणी आत येऊ नये म्हणून जो तळ घट्ट बंद केलेला असतो, तोच तळ गॅस बाहेर जाऊ देत नाही. केबिनच्या फळ्यांखाली एक पोकळी असते, तिला बिल्ज म्हणतात. झिरपलेलं पाणी तिथे जमतं आणि गॅसही तिथेच जमतो. आपल्याकडे उन्हाळ्यात जुन्या आडातला गाळ काढायला उतरलेली माणसं गुदमरून गेल्याच्या बातम्या येत राहतात. तिथला वायू वेगळा, पण प्रकार हाच: वर शिवारात वारं सुटलेलं असतं आणि तळाशी काहीच हलत नाही. डेकवर केस उडवणारं वारं बिल्जपर्यंत पोचत नाही.

दुसरा दावा, ‘एवढ्याशा गॅसने काय होतंय’, हिशोबानेच खोडता येतो. अमेरिकेत अशा ग्रिलला लावतात तो छोटा डबा एक पौंडी म्हणून ओळखला जातो आणि त्यात साधारण ४६५ ग्रॅम प्रोपेन असतो. तो सगळा गळला तर सुमारे २५० लिटर वायू होतो. हवेत प्रोपेनचं प्रमाण २ टक्क्यांच्या थोडं वर गेलं की मिश्रण पेट घेऊ शकतं, आणि साडेनऊ टक्क्यांपर्यंत ते तसंच राहतं. म्हणजे तो एक डबा अंदाजे १२ घनमीटर हवा स्फोटक करायला पुरतो. दोन मीटर रुंद, तीन मीटर लांब, दोन मीटर उंच खोली एवढी ही जागा झाली. लहान शिडाच्या बोटीची केबिन याच्या आसपासच असते. शिवाय गॅस तळाशी थर धरून बसतो, त्यामुळे स्फोटाला डबा पूर्ण गळण्याचीही गरज नाही. आपल्याकडची ५ किलोची टाकी नेली तर हाच हिशोब दहापटीने वाढतो.

याच मुद्द्याखाली मेसेजने ‘रिकामा डबा घरच्या टाकीतून भरून घ्या, पैसे वाचतात’ असंही सुचवलंय. हे अजिबात करू नका. एकदाच वापरायच्या डब्याचा व्हॉल्व्ह पुन्हा पुन्हा भरण्यासाठी बनवलेला नसतो. किती भरलं ते कळत नाही, आणि काठोकाठ भरलेल्या डब्यात द्रवाला फुगायला जागा राहत नाही. घरगुती टाकीतला गॅस असा काढून भरणं बेकायदेशीरही आहे. परदेशी ग्रिलला आपली टाकी बसावी म्हणून जुगाड करून नळ्या जोडणं हाही त्यातलाच प्रकार.

आता ठेवण्याचा मुद्दा. माझ्या मते सगळ्यात मोठा धोका इथे आहे. पेटलेल्या ग्रिलवर सगळ्यांचं लक्ष असतं. कपाटात ठेवलेल्या डब्याकडे रात्रभर कोणी बघत नाही.

ग्रिलवरून काढलेला एक पौंडी डबा बंद दिसतो, पण त्याच्या तोंडातला छोटा व्हॉल्व्ह प्रत्येक वेळी नीट बसेलच असं नसतं. मिठाचा कण, वाळू, झिजलेला वायसर, एवढं पुरतं. डबा ग्रिललाच लावून ठेवला तर आणखी वाईट, कारण बोट हलते, ग्रिल कपाटात आपटतो आणि नॉब थोडासा फिरला तरी गॅस सुटतो. म्हणून डबा काढायचा तो बाहेर, मागच्या कठड्यापाशी, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. काढल्यावर तोंडावर साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडे आले तर तो डबा पुन्हा आत आणायचा नाही. आले नाहीत तरी टोपण घट्ट बसवायचं, आणि मुक्काम बाहेरच.

बाहेर म्हणजे कुठे? चांगल्या बोटीवर गॅससाठी वेगळी पेटी असते. ती फक्त वरून उघडते, केबिनच्या बाजूला तिला एकही फट नसते आणि तळाला भोक असतं, त्यातून नळी थेट बोटीबाहेर जाते. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकांप्रमाणे ही नळी आतून निदान अर्धा इंच असावी आणि तिचं तोंड केबिनच्या कुठल्याही उघड्या जागेपासून निदान २० इंच दूर असावं. तोंड पाण्याच्या रेषेच्या वर हवं, बोट शिडावर कलली तरी बुडणार नाही इतकं वर. पुष्कळ जण कॉकपिटच्या, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या उघड्या जागेच्या, बाकाखालच्या कप्प्याला गॅसची पेटी समजतात. झाकण उचलून टॉर्च मारून बघा. बहुतेक वेळा तो कप्पा आतून इंजिनच्या खोलीपर्यंत किंवा बिल्जपर्यंत मोकळा असतो. मग तो केबिनचाच भाग झाला. वेगळी पेटी नसेल तर मागच्या कठड्याला बाहेरच्या बाजूने, खाली भोकं असलेल्या कापडी पिशवीत डबा उभा टांगायचा. ग्रिल थंड झाल्यावर, चरबी पुसून, आत ठेवायला माझी हरकत नाही. डब्याला आहे.

उन्हाचं म्हणाल तर काळजी रास्त आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३च्या पुढे जातो तेव्हा टाकी उन्हात ठेवू नये, हे घरोघरी माहीत आहे. पण बंद करून ठेवलेली केबिन बाहेरच्या सावलीपेक्षा जास्त तापते. डब्यात दाब फार वाढला तर तो सोडायला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, आणि तो उघडला तर सुटलेला गॅस केबिनमध्येच भरणार. त्यामुळे सावली हवी, पण मोकळ्या जागेतली.

‘वास येतोच’ हा दावा अर्धवट आहे. वासासाठी गॅसमध्ये मरकॅप्टन मिसळतात, हे खरं. पण गॅस बिल्जमध्ये आणि आपलं नाक डेकवर. खाली आधीच डिझेलचा, साचलेल्या पाण्याचा दर्प असतो. झोपलेल्याला वास येत नाही, आणि थोडा वेळ त्याच वासात राहिलं की नाक तो टिपणं सोडून देतं. म्हणून गॅस डिटेक्टर हवा आणि तो खाली लावलेला हवा. छताजवळ लावलेला या गॅसला उपयोगाचा नाही.

त्याहून महत्त्वाचं, बोटीत ठिणगी पाडायला माणूस लागत नाही. बिल्जमधलं पाणी वाढलं की तरंगत्या स्विचने पंप आपोआप सुरू होतो, आणि तो नेमका गॅस साचतो तिथेच बसवलेला असतो. इंजिनाचा स्टार्टर, फ्रिज, दिव्याचं बटण, यांचंही तसंच. वास आलाच तर बटणांना हात लावू नका, चालू असलेलं बंदही करू नका. गॅस बाहेरून बंद करा, सगळ्यांना डेकवर आणा, केबिनची झाकणं-खिडक्या उघडा. हाताने चालवायचा बिल्ज पंप असेल तर तळातली हवा त्याने उपसा. नसेल तर वारं आत शिरेल अशी दारं उघडून बाहेर थांबा.

पाऊस आला म्हणून ग्रिल केबिनमध्ये नेणं याला एकच उत्तर आहे: नाही. बंद बाथरूममध्ये गॅस गिझरने गेलेले जीव आपल्या ओळखीपाळखीत आहेत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि एक उघडी खिडकी त्यावर भरवशाचा उपाय नाही. कॉकपिटवर चारी बाजूंनी ताडपत्री बांधून भाजणं हेही बंद खोलीसारखंच. पाऊस आला तर भाकरी-चटणी खा.

शेवटचा दावा पाण्याचा. ग्रिलवर मांसाची, चीजची चरबी गळून पेटते. त्यावर पाणी टाकलं की ते क्षणात वाफ होतं आणि पेटती चरबी उडवतं, वर शीड आणि दोर असतात. शिडाचं पॉलिएस्टर आणि नायलॉनचे दोर उष्णतेने वितळतात, बोटीच्या फायबरमधलं रेझिन जळतं. गॅस पेटला असेल तर आधी गॅस बंद करायचा. ज्वाला विझवून गॅस तसाच वाहू दिला तर तो तळाशी जाऊन बसतो. पावडरचं अग्निशामक आणि फायर ब्लँकेट हाताशी हवं, पण ग्रिलच्या पलीकडे नको, नाहीतर आगीवरून हात घालावा लागेल. ग्रिल कठड्याला पक्का, पाण्यावर बाहेर झुकलेला असावा. बोट नांगरावर उभी असतानाच तो पेटवावा, पेट्रोलचा कॅन लांब ठेवावा, झाकण उघडूनच काडी लावावी आणि एक माणूस शेवटपर्यंत जवळ असावा.

इथल्या नाथसागरावर, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयावर, मात्र यातलं काहीच नको. ते पक्षी अभयारण्य आहे.

हे वाचणाऱ्या कोणाचा डबा आत्ता केबिनच्या कपाटात असेल, तर आधी केबिनची सगळी झाकणं-खिडक्या उघडून बोट वाऱ्यावर राहू द्या. वास नसला तरी बॅटरीचं बटण दाबायच्या आधी डबा हाताने बाहेर आणा, मागच्या कठड्याला टांगा आणि साबणाचं पाणी लावून तोंड तपासा.