वाड्याचं नाव मिळकत पत्रिकेवर नसतं

पुण्याच्या पेठेतला पत्ता सांगायची एक रीत आहे. आधी आकडा, मग पेठ, मग देव. "अमुक सदाशिव, भिकारदास मारुतीपाशी." रस्त्याचं नाव कुणी सांगत नाही आणि सांगितलं तरी रिक्षावाला "म्हणजे कुठल्या मारुतीला?" असंच विचारतो. जिलब्या मारुती, खुन्या मुरलीधर, पासोड्या विठोबा, उपाशी विठोबा. बाहेरच्यांना हसू येतं. पण ही नावं कुठल्या ठरावानं दिलेली नाहीत, शेजारी काय विकलं जायचं नि काय घडलं यावरून पडलीत, म्हणून टिकलीत. फडके हौदावर आज कुणी घागर घेऊन जात नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून बांधीव नळानं शहरात पाणी आणलं, ते हौदा-हौदांतून वाटलं गेलं. ते दिवस गेले, बसचा थांबा मात्र अजून फडके हौदच आहे.

सरकारी नावांचं उलट होतं. शुक्रवार पेठ कधीकाळी विसापूर होती, रविवार पेठ मलकापूर. आज कुणाला आठवतंय?

हे सगळं सांगायचं कारण, सध्या पेठांमध्ये वाडे पाडून नव्या इमारती बांधायचे बिल्डरांशी करार धडाधड होतायत. मसुद्यात चटई क्षेत्र, दरमहा भाडं, सामान हलवायचा खर्च, दंडाची रक्कम हे सगळं येतं. चार पिढ्या ज्या नावानं ओळखल्या गेल्या ते नाव कुठेच येत नाही. येणार तरी कसं? मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, निघते सिटी सर्व्हे नंबरावर. तिच्यावर क्षेत्रफळ असतं, धारकाचं नाव असतं, वाड्याचं नसतं. ते असतं फक्त दिंडी दरवाजावरच्या पाटीवर आणि लोकांच्या तोंडी. पाटी राडारोड्यात गेली की कागदोपत्री काहीच उरत नाही.

आधी एक कबूल करू. वाडा म्हणजे स्वर्ग नव्हता. मागच्या बाजूच्या सामाईक संडासाची रांग, बायकांची कुचंबणा, पावसाळ्यात घमेली मांडून काढलेल्या रात्री, यातलं काही परत यावं असं कुणालाच वाटत नाही. वाडे पडतात त्याला कारणंही आहेत. भाडं इतकं तुटपुंजं की त्यात वर्षाची कौलं परतणंही होत नाही. मालक म्हणतो भाडेकरूंनी करावं, भाडेकरू म्हणतो मालकानं. एक कौल सरकतं, पाणी भिंतीत मुरतं. तुळईचं मधलं लाकूड ठणठणीत असतं, पण भिंतीत घुसलेलं टोक ओल्या मातीत बसून आधी कुजतं, मग वाळवी लागते. पांढऱ्या मातीची भिंत फुगते, गिलावा सुटतो आणि एखाद्या जुलैत महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस येते. तोवर उशीर झालेला असतो. तेव्हा पाडू नका असं मी म्हणत नाही. पाडताना काय उचलून नव्या इमारतीत न्यायचं, ते कागदावर आणा एवढंच म्हणणं आहे.

पहिलं नाव. प्रकल्पाचं नाव बिल्डर नोंदणीच्या वेळी ठरवतो, आणि पुढे सोसायटी बहुतेक वेळा तेच नाव घेते. एकदा सोसायटी नोंदली गेली की नाव बदलायला सर्वसाधारण सभेचा ठराव, उपविधीत दुरुस्ती, उपनिबंधकांची मंजुरी आणि नंतर बँकेपासून वीजबिलापर्यंत सगळीकडे बदल. एवढा उपद्व्याप कुणी करत नाही. म्हणून विकसन करारातच एक स्वतंत्र कलम हवं: इमारतीचं आणि होणाऱ्या सोसायटीचं नाव अमुक वाडा राहील, बिल्डरला स्वतःचं नाव जोडायचं असेल तर ते खाली, लहान अक्षरात. खर्च शून्य. तरी 'विक्रीला इंग्रजी नाव बरं पडतं' असं ऐकवलं जातं. सदाशिव पेठेत फ्लॅट घेणारा माणूस इंग्रजी नाव बघून येतो, हे मला तरी पटलेलं नाही.

दुसरं सागवान. यात लोक हमखास फसतात. पाडकामाचा ठेकेदार बऱ्याचदा पैसे मागत नाही, उलट देतो, कारण जुन्या सागाचे खांब, तुळया, दाराच्या चौकटी तो घेऊन जाणार असतो. 'निघालेला माल ठेकेदाराचा' ही ओळ मसुद्यात असतेच. पाडण्याआधी प्रत्येक खांबाची लांबी, घेर आणि फोटो घेऊन यादी करा आणि ती कराराला जोडा. सगळं ठेवायला जागा नसते. पण दिंडी दरवाजा चौकटीसकट आणि कोरीव खांबांची एक जोडी, एवढं नव्या प्रवेशाशी बसवता येतं. साठवताना जमिनीवर आडवं टाकू नका. खाली विटांचे थर द्या, वर ताडपत्री, बाजू वाऱ्याला मोकळ्या. दोन पावसाळे उघड्यावर पडलेला खांब परत उभा राहत नाही.

आणि ओटा. माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. पेठेतले प्लॉट अरुंद आणि खोल, गाड्यांच्या जागेची सक्ती वेगळी, त्यामुळे तळमजला अख्खा पार्किंगला जातो. पूर्वी घर आणि रस्ता यांच्यामध्ये ओटा होता, देवडी होती, चौक होता. आता गेट, गाड्या आणि लिफ्ट. शेजाऱ्याशी गाठ पडते ती लिफ्टमध्ये, तीन मजल्यांपुरती. मग पाच वर्षांनी तक्रार, की आपल्या बिल्डिंगमध्ये कुणी कुणाला ओळखत नाही. ओळखणार कुठे?

बिल्डरकडे बाक मागितला की तो मिळतो, पण मागच्या कडेला, मीटरच्या खोलीशेजारी किंवा गच्चीवर. तिथे कुणी बसत नाही, कारण तिथून कुणी जात नाही. ओटा गेट आणि लिफ्ट यांच्या वाटेवरच हवा. उंची १६ ते १८ इंच. याहून खाली असला तर गुडघेदुखीवाल्यांना उठवत नाही. रुंदी किमान १८ इंच, मांडी घालून बसायचं तर २४. लांबी सहा फूट मिळाली तरी चार माणसं बसतात. वर शहाबादी किंवा कडाप्पा चालतो, पण उन्हात येत असेल तर पॉलिश केलेला काळा दगड नको, एप्रिलमध्ये हात लावता येत नाही. बाहेरच्या बाजूला अर्धा इंच उतार द्या, नाहीतर पाणी साचून शेवाळ धरतं. आणि हे सगळं मंजूर नकाशात दाखवा. नकाशात नसलेला ओटा पहिल्याच वर्षी दोन स्कूटरच्या जागेसाठी फुटतो, आणि फोडणारे बाहेरचे नसतात, सभासदच असतात. उरलाच, तर 'येथे बसू नये' अशी पाटी लागते, हे पुण्यात वेगळं सांगायला नको.

आवारातलं झाड आणि आड यांचं थोडक्यात. झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, तेव्हा नकाशा काढतानाच ते वाचवा. आड राडारोड्यानं बुजवू नका. गच्चीचं पाणी गाळून त्यात सोडता येतं.

जुनी नावं आणि ओळखी पुसल्या जाण्याचा हा प्रश्न पेठांपुरता नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठची माणसं गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगरला गेली. हिंगणे बुद्रुकचं कर्वेनगर झालं. २०२१ मध्ये आणखी २३ गावं महापालिकेत आली; तिथल्या टॉवरमधल्यांना आपण कुठल्या गावात राहतो हे भैरवनाथाच्या उत्सवाचा लाऊडस्पीकर लागल्यावर कळतं, आणि तेही तक्रार करण्यापुरतं. पेठेतून धायरीला गेलेला माणूस मात्र विसर्जनाला जुन्या मंडळातच ताशा धरतो. त्याला कुणी पत्ता विचारला तर फ्लॅटचा सांगतो. 'मूळचे कुठले?' विचारलं तर वाड्याचा.

या महिन्यात ज्यांचा करार सहीला आहे, त्यांनी मसुद्यात 'प्रस्तावित इमारत' हे शब्द कुठे आलेत ते शोधा. त्यांच्यापुढे नावासाठी ठिपक्यांची रेघ असते, बहुधा कोरी. सही करण्याआधी ती भरून घ्या.