सासूबाईंनी दुकान आधीच घेतलं होतं!

अमेरिकेतल्या व्हिएतनामी हॉटेलांवरच्या लेखात म्हटलंय की १९७५ ला सायगॉन (दक्षिण व्हिएतनामची राजधानी) पडल्यावर आलेल्या निर्वासितांनी ही हॉटेलं काढली, बऱ्याच अंशी खरंय, पण सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲन कुटुंबाचं उलटंच झालं. सासूबाई डायना ॲन १९७१ मध्ये नुसत्या फिरायला आल्या आणि सनसेट भागातलं एक छोटं इटालियन डेली (तयार खाण्याचं दुकान) चक्क विकत घेऊन टाकलं! तेव्हा घरी सुबत्ता होती, पोटासाठी करायची वेळ नव्हती. मग चार वर्षांनी सून हेलेन तीन मुलींना घेऊन व्हिएतनाममधून सगळं मागे टाकून पळाली तेव्हा तेच दुकान कामी आलं. थान लाँग नाव त्याचं. भाजलेला डंजनेस खेकडा आणि गार्लिक नूडल्स, ही नूडल्सची डिश हेलेनबाईंचीच, इटालियन पास्ता आणि व्हिएतनामी चव यांची सांगड. रेसिपी अजून गुपित आहे, किचनच्या आत वेगळं बंद किचन, तिथे घरचे आणि अगदी भरवशाची माणसं सोडून कोणाला प्रवेश नाही म्हणे 😄 आमच्याकडे गोड्या मसाल्याचं प्रमाण फक्त सुनेला सांगतात तसलाच प्रकार. पुढे १९९७ मध्ये बेव्हर्ली हिल्सला क्रस्टेशियन नावाचं हॉटेल काढलं, तिथे तर हॉलिवूडवाले जातात. लेखात यांचा उल्लेखच नाही, याचं जरा आश्चर्य वाटलं.