पात्रतेचे पथ्यपाणी

आपण मुंबईत झोपडीत राहत असाल आणि एखाद्या सकाळी गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीचे कपडे घातलेली दोन-तीन माणसे फीत घेऊन मोजमाप करताना दिसली, तर घाबरून जाऊ नये. आपले भाग्य उजळण्याच्या बेतात आहे. इतकी वर्षे आपण नुसते राहत होता. आता झोपडीच्या जागी पक्के घर देण्याची योजना चालवणाऱ्या झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या दप्तरात आपण ‘झोपडीधारक’ झाला आहात आणि पथ्य नीट सांभाळलेत तर यथावकाश ‘पात्र झोपडीधारक’ या पदालाही पोहोचाल. हे पथ्य कडक आहे, म्हणून जाणत्यांकडून ऐकलेल्या चार गोष्टी आपल्या कानावर घालतो.

पहिले पथ्य आपल्या आईवडिलांनीच पाळायला हवे होते. 1 जानेवारी 2000 पर्यंतची झोपडी असेल तर घर मोफत मिळते. त्यानंतर 1 जानेवारी 2011 पर्यंत आलेल्यांना त्याच घरासाठी अडीच लाख रुपये मोजावे लागतात. आणि त्याही पुढे आलेल्यांबद्दल सभ्य माणसे बोलत नाहीत. त्यामुळे गाव सोडताना विहीर आटली का, सावकार दारात आला का, असल्या किरकोळ बाबींकडे न पाहता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहून निघावे. शिवाय शहरात आल्यावर जमिनीलगतच राहावे. मुलाचे लग्न झाले म्हणून पत्रे उचलून वर एक खोली चढवणे ही चैन आहे. वरच्या मजल्यावर संसार करणारा माणूस योजनेच्या हिशेबात हवेत राहतो, आणि हवेला पात्रता नसते.

दुसरे पथ्य कागदाचे. मतदार यादीचा उतारा, विजेचे बिल, शिधापत्रिका, आणि वाडवडिलांची पुण्याई असेल तर 1976 च्या गणनेनंतर मिळालेला फोटोपास, हे सारे एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती छताच्या वाशाला टांगावी. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा ज्यांनी आधी मुले पोटमाळ्यावर चढवली आणि मग पेटीकडे वळले, त्यांच्या पेटीतला लगदा झाला होता. भावनेच्या भरात असे होते खरे, पण पुढे परिशिष्ट-2, म्हणजे पात्र-अपात्रांची यादी, तयार करणाऱ्या अधिकाऱ्याला भावना जोडून देता येत नाहीत. माझ्या ओळखीच्या एका मावशी विजेच्या बिलावर शांताबाई आहेत, मतदार यादीत शांता आहेत आणि त्याच यादीत लिंग ‘पुरुष’ आहे. यादीच्या शेवटच्या रकान्यात त्यांच्या नावापुढे ‘अनिर्णित’ असा शेरा पडला. पात्र नाही, अपात्रही नाही. चाळीस वर्षे ज्या नळावर त्या पाणी भरतात, त्या नळाला मात्र त्यांच्याविषयी कधी शंका आली नव्हती.

(येथे थोडे खासगी सांगतो. मी विकत घेतलेल्या घरात राहतो. घर घेताना माझ्या खिशाची कसून चौकशी झाली. पण 2000 सालच्या पहिल्या तारखेला मी कुठे झोपलो होतो, हे मला आजवर कोणीही विचारलेले नाही. विचारले असते तर पुरावा म्हणून काय दाखवले असते, याचा मी अधूनमधून विचार करतो.)

तिसरे पथ्य सहीचे. एका संध्याकाळी मैदानात मांडव पडेल, वडापाव येईल, आणि टेबलावर थर्माकोलच्या झाडांसकट एका उंच इमारतीची प्रतिकृती मांडलेली असेल. तिच्यातला झगमगीत मनोरा कोणता आणि आपली इमारत कोणती, असा प्रश्न विचारून कमिटीच्या लोकांना अवघडवू नये. झगमगीत आहे ती विक्रीची. तिच्या पाठीमागे जे करड्या रंगाचे दिसते, त्यात आपण. आपल्याला घर मोफत बांधून देण्याच्या बदल्यात विकासकाला विक्रीसाठी चटईक्षेत्र, म्हणजे जादा बांधकामाचा हक्क, मिळते आणि तिथे वापरता आले नाही तर ते हस्तांतरणीय हक्क म्हणून शहरात दुसरीकडे नेता येते. ज्या भूखंडाच्या जोरावर हे सारे घडते त्यावर आपण पिढ्यान्‌पिढ्या राहत आहात, ही गोष्ट या हिशेबात धरलेली नाही. आपणही धरू नये, कारण फुकट मिळणाऱ्या वस्तूची किंमत काढणे असंस्कृतपणाचे आहे. पूर्वी योजनेला 70 टक्के झोपडीधारकांची संमती लागत असे. माणसांचे मन वळवण्यात फार वेळ जातो हे लक्षात घेऊन आता 51 टक्क्यांवर काम भागते. उरलेल्यांचे मन वळवण्याची गरज नसते, त्यांच्यासाठी झोपडपट्टी कायद्याच्या कलम 33/38 ची, झोपडी रिकामी करायला लावणारी नोटीस असते. तेव्हा आपण कितवे आहात हे पाहून मत बनवावे. बावन्नाव्या टक्क्याला मत असण्यात अर्थ नाही.

यापुढचे पथ्य एकच, आणि ते सर्वांत दीर्घ आहे: वाट पाहणे. झोपडी रिकामी करताना हाती तात्पुरत्या खोलीच्या भाड्याचा विकासकाचा धनादेश येतो, तो वटतोही. नंतरचे धनादेश आपल्या शब्दाला जागतीलच असे नाही. असे फार घडू लागले म्हणून दोन वर्षांचे भाडे विकासकाने आगाऊ जमा करावे असा नियम आला; यावरून आधी काय होत होते याची कल्पना यावी. बोरिवलीतील एका योजनेत विकासकाची नेमणूक होऊन दोन दशके उलटली तरी घरे उभी राहिली नाहीत. ते प्रकरण अखेर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 2024 च्या जुलैमध्ये न्यायालयाने 1971 चा झोपडपट्टी कायदा प्रत्यक्षात चालतो कसा, याचीच तपासणी मुंबई उच्च न्यायालयाने करावी असे सुचवले. आपण मात्र इतक्या टोकाला जाऊ नये. भाड्याची खोली दर अकरा महिन्यांनी बदलावी, मुलांची शाळा तिच्यामागून बदलावी, आणि म्हाताऱ्यांना ‘आता ताबा मिळेलच’ असे दर दिवाळीला सांगत राहावे. विकासकाला वेळेची किंमत ठाऊक असते म्हणूनच तो थांबतो. जमिनीचे भाव चढतात तसा त्याचा धीरही वाढतो. आपल्याकडे धीर जन्मजातच आहे.

काही वाचक म्हणतील, आमच्या वस्तीला ही योजनाच लागू नाही, आमच्याकडे थेट बुलडोझर येतो. त्यांनी ऋतुमानाचा अभ्यास करावा. 1981 साली पदपथांवरच्या लोकांना उचलून शहराबाहेर काढण्याचा हुकूम निघाला, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 1985 च्या निकालात न्यायालयाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे सांगितले, पदपथावर राहण्याचा हक्क मात्र नाही असेही सांगितले, आणि पावसाळा उलटेपर्यंत कारवाई थांबवली. म्हणजे जगण्याचा हक्क आणि छत्री यांचे नाते न्यायालयालाही मान्य आहे. राज्य सरकारचाही भर पावसात राहती घरे पाडू नयेत असा आदेश आहे. तरीही पवईच्या जय भीम नगरात 6 जून 2024 रोजी शेकडो झोपड्या पाडल्या गेल्या आणि पुढे उच्च न्यायालयाला त्याच्या चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमावे लागले. पाडणाऱ्यांच्या घरी कॅलेंडर नसावे.

आता समजा सगळी पथ्ये फळली आणि किल्ली हातात पडली. आपले घर पूर्वी 225 चौरस फुटांचे मिळाले असते, नंतर 269, आता 300. याच गतीने दम धरलात तर नातवाला पाय पसरता येतील. एका हेक्टरवर निदान 650 घरे बसवायची असल्याने शेजार भरपूर लाभतो. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत इमारतींमध्ये जेमतेम 3 मीटरचे अंतर आहे. खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही, आणि हवा व उजेडाच्या या टंचाईचा क्षयरोगाशी संबंध असल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे. खिडकी उघडल्यावर समोरच्याच्या शेगडीवर काय शिजते ते मात्र दिसते, हे वस्तीतले जुने सुख येथे जपलेले आहे. लिफ्ट बंद पडली की चौदा मजले चढताना हे सारे आठवावे, आणि देखभालीचे मासिक बिल वेळेवर भरावे.

घरात शिरल्यावर देवाचा फोटो, घड्याळ वगैरे नंतर लावता येईल. पहिला खिळा ती प्लॅस्टिकची पिशवी टांगण्यासाठी ठोकावा, आणि तोही छताजवळ, उंचावर.