आधी रेघ की आधी ध्यान? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही नाव दिलं नाहीत, पण तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली असं लिहिलंत, म्हणून सर म्हणते. ‘कला आणि अध्यात्म’ या आमच्या मे महिन्यातल्या मुलांच्या चित्रकला शिबिरावरच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचून दोन दिवस काहीच लिहिलं नाही, कारण तिच्यातला एक आक्षेप अगदी खरा होता. त्याकडे येतेच. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : पोरांना धड रेघ ओढता येत नाही आणि तुम्ही त्यांना डोळे मिटायला लावता, अध्यात्माच्या नावाखाली एकाच धर्माचे संस्कार होतात, मग ज्यांच्या घरी बुद्धवंदना होते त्यांच्या लेकरांनी तिथे काय करायचं, फी जास्त आहे, आणि बारा दिवसांत मुलांनी काढलं काय, ते दाखवा.

फीचं आधी सांगून टाकते. एकोणीस मुलांपैकी सात जणांकडून ती घेतलीच नाही. बाकीचे पैसे कागद, रंग आणि कूलरच्या बिलात गेले. आम्ही तिघांनी मानधन घेतलं नाही.

आता रेघ. पहिल्या सकाळी नागपूरच्या महाल भागातल्या शिबिराच्या वाड्यात तिवईवर एक वापरातला, पाण्याने भरलेला माठ ठेवला आणि काढा म्हटलं. दहा मिनिटांत एकोणीस माठ तयार. सगळ्यांच्या दोन्ही बाजू अगदी सारख्या, तोंडाला लंबगोल, डावीकडे उजेडाचा ठिपका. असा माठ त्या खोलीत नव्हताच. तो इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षेतल्या स्थिरचित्रासाठी घोटून घोटून हातात बसलेला माठ होता. (पालकांचा पहिला प्रश्नही हाच असतो, ग्रेड परीक्षेला उपयोग होईल ना?) दुसऱ्या दिवशी पेन्सिली काढून घेतल्या आणि वीस मिनिटं नुसतं बघायला सांगितलं. पाचव्या मिनिटाला चुळबुळ सुरू झाली, मग कोणीतरी फिसकन हसलं, आणि पंधराव्या मिनिटाच्या आसपास कूलरच्या घरघरीशिवाय काही ऐकू येईना. त्यानंतरच्या चित्रांत माठ एका अंगाला कलला, कारण तो खरोखर कललेलाच होता. कुंभाराच्या थापीचे चपटे ठसे उमटले. पाझरलेली ओल कुठवर आली आहे आणि तिच्या कडेला क्षारांचा पांढुरका पट्टा कसा वाकडातिकडा गेला आहे, हेही कागदावर आलं.

सर, ‘आधी नीट बघ रे’ असं तुम्ही वर्गात हजारदा म्हणाला असाल. पण पस्तीस मिनिटांच्या तासात बघायला वेळ कुठे असतो? आम्ही तो वेळ दिला, त्याला ध्यान म्हटलं. बहुतेक वेळ डोळे उघडेच होते.

आणि ही गोष्ट आपल्या नागपूरला नवी नाही. चित्रकार सय्यद हैदर रझा मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचे, घर मुसलमानाचं. लहानपणी अभ्यासात लक्ष लागत नव्हतं, तेव्हा शाळेतल्या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याच्याकडे बघत बसायला सांगितलं, ही आठवण ते स्वतः सांगत. पुढे १९३९ पासून ते नागपूरच्या कला विद्यालयात शिकले, मग मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टला आणि १९५० मध्ये पॅरिसला गेले. तो ठिपका मात्र सुटला नाही, उतारवयात तोच बिंदू त्यांच्या कामाच्या मध्यभागी येऊन बसला. चित्रकार वासुदेव गायतोंडे तर जन्माने नागपूरचे, १९२४ चे. झेन या बौद्ध ध्यानपरंपरेच्या विचाराचा त्यांच्यावर खोल परिणाम होता. कॅनव्हासवर रोलरने, सुरीने रंगाचे थर चढवायचे, खरवडायचे, थांबायचे. वर्षाकाठी मोजकीच चित्रं व्हायची. या दोघांची रेघ कच्ची होती असं तुम्ही नक्कीच म्हणणार नाही. रेघ आणि थांबणं त्यांनी वेगळं काढलं नाही, एवढंच मला मुलांना दाखवायचं होतं.

आता तुमच्या खऱ्या आक्षेपाकडे येते. पहिले तीन दिवस आम्ही सकाळची सुरुवात ॐकाराने केली. सवयीने केली, विचार न करता. एक मुलगी ओठ मिटून बसायची. मला ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं, पण मी तिला काही विचारलं नाही. चौथ्या दिवशी तिची आई दारात उभी राहून शांतपणे म्हणाली, आमच्या घरी हे नाही. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो माणसांनी विचारपूर्वक, ठरवून एक वाट सोडली आणि दुसरी धरली, तिथे मला हे कोणी सांगावं लागलं, याची मला लाज वाटते. त्या दिवसापासून ॐकार बंद. दहा मिनिटं नुसतं गप्प बसणं, ज्याला जायचं त्याने बाहेर ओट्यावर जायचं. तुमच्या घरात सम्यक स्मृती हा बुद्धाच्या अष्टांगिक मार्गातला शब्द असेलच, जागेपणाने लक्ष देणं हा त्याचा अर्थ मी तुम्हाला सांगायला नको. पण माझ्या पत्रकावर ‘अध्यात्म’ हा शब्द होता आणि तो वाचून अर्ध्या शहराला आपल्यासाठी दार बंद आहे असं वाटत असेल, तर दोष वाचणाऱ्याचा नाही. पुढच्या मे महिन्यात पत्रकावर ‘बघणं आणि थांबणं’ असं लिहू.

गप्प बसणं मात्र बंद करणार नाही. तुम्ही ते बंदच करा म्हणता, तिथे आपलं जमणार नाही.

राहिली चित्रं. मुलांची परवानगी घेतोय, मिळतील तशी इथे टाकेन. ॐकाराला ओठ मिटून बसणाऱ्या त्या मुलीचं शेवटच्या दिवसाचं चित्र तिने घरी नेलं, म्हणून फक्त सांगते. तिने माठ जवळजवळ काढलाच नाही, वरच्या कोपऱ्यात त्याचा बुडाचा थोडासा भाग आहे. उरलेल्या सगळ्या कागदावर तिवईखालची फरशी, तिच्यावर ठिबकून साचलेलं पाणी, आणि त्या पाण्यात उलटी दिसणारी खिडकी. खिडकीच्या गजांच्या रेघा सरळ आहेत सर, मी पट्टी लावून पाहिल्या.