सीआरपी वाढला म्हणून गोळ्या बंद?

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या फिरतंय: ‘डिप्रेशन मनाचा आजार नाहीच, ती शरीरातली सूज आहे. सीआरपी तपासा, गहू-दूध सोडा, हळद-मिरीच्या कॅप्सूल घ्या, सहा आठवड्यांत गोळ्या सुटतील.’ सीआरपी म्हणजे शरीरात सूज, म्हणजेच दाह, असला की रक्तात वाढणारं एक प्रथिन.

पहिला दावा अर्धा खरा आहे, म्हणूनच पटतो. हिपॅटायटिस सीवर पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत. ती प्रतिकारशक्तीला चेतवतात, आणि ती घेताना बऱ्याच जणांना नैराश्य आलं. म्हणजे दाहाचा मनावर परिणाम होतो, यात वाद नाही. पण नैराश्याच्या रुग्णांत सीआरपी लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर सापडतो तो साधारण चौघांतल्या एकात. उरलेल्या तिघांची सूज कुठे शोधायची?

दाह कमी करणारं औषध थेट देऊनही झालंय. संधिवातातलं इन्फ्लिक्सिमॅब अमेरिकेत गोळ्यांना दाद न देणाऱ्या ६० रुग्णांवर तपासलं; निष्कर्ष २०१३मध्ये छापून आले. एकूण गटात प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध म्हणून दिलेल्या पण औषध नसलेल्या डोसापेक्षा, फरक नाही. सीआरपी ५च्या वर असलेल्यांत फायद्याची चिन्हं दिसली. कमी असलेल्यांत उलट प्लासिबोवालेच सरस ठरले.

आणि सीआरपी कशानं वाढत नाही? हिरड्या सुजल्या, पोट सुटलं, सिगारेट ओढली, तरी वाढतो. पावसाळ्यात चिकुनगुनियानं फणफणलेल्या पुणेकराचा रिपोर्ट त्याच्या मनाबद्दल काय सांगणार?

गव्हाचं थोडक्यात: सीलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेननं आतड्याला इजा होणारा आजार, असेल तर सोडावाच लागतो, एरवी पोळी खा. आमटीतली हळदही चालू द्या. कॅप्सूलचं वेगळं. मिरीमुळे हळदीतलं कर्क्युमिन जास्त शोषलं जातं हे खरं, पण काही औषधांचं रक्तातलं प्रमाणही मिरी वाढवते, आणि अशा कॅप्सूलांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. नैराश्यात व्यायामाचा पुरावा याहून कितीतरी भक्कम. पण व्हॉट्सअ‍ॅपवरच्या त्या मेसेजात व्यायाम नाही. तळजाई टेकडीवर चालायला कुणी पैसे घेत नाही ना!

सहा आठवड्यांची मेख भारी आहे. नैराश्याच्या गोळ्यांचाच गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. दोन्ही एकदम सुरू केलं की श्रेय हळदीला, आणि मग गोळ्या बंद. अचानक बंद केल्या तर चक्कर येते, झोप उडते, डोक्यात करंट गेल्यासारखं होतं. आजारही उलटू शकतो. कमी करायच्या तर लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारून, टप्प्याटप्प्यानं. कुणी आधीच सोडल्या असतील आणि जीव नकोसा वाटत असेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.