अलंकार ओळखा, गुण मिळवा!
'जणू' दिसलं की उत्प्रेक्षा, ताजमहाल आला की अनन्वय. झालं, गुण खिशात! अरे, पण तो अलंकार तिथे करतोय काय, हे कधी विचारणार?

अ‍ॅरिस्टॉटलने सुमारे २,३०० वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय: माणसाला पटवायच्या वाटा तीन. बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याच्या भावना आणि युक्तिवाद. जाहिरातवाल्यांनी हे तोंडपाठ केलंय. पांढरा कोट चढवलेला नट टूथपेस्ट विकतो आणि आपण त्या कोटावर भाळतो (कोट भाड्याचा असतो हो!). सभेत तर युक्तिवाद दुर्बिणीतूनही दिसत नाही. 'माझ्या माता-भगिनींनो', गळ्यात हुंदका, वर एक उसना शेर. टाळ्या कडकडून! आणि व्याकरणात पैकीच्या पैकी मिळवलेले आमचे काका म्हणणार, "काय बोलला राव!"

अहो काका, पण बोलला काय?