रोटोरुआला एकच दिवस असेल तर : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

काका, नमस्कार. इतकी मोठी प्रतिक्रिया लिहिलीत त्याबद्दल आधी मनापासून आभार. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगते, काकांचं म्हणणं असं की मी न्यूझीलंडमधल्या रोटोरुआच्या एका दिवसाचा जो प्लॅन दिला त्यात वाई-ओ-टापू (रंगीत गरम कुंडांची प्रसिद्ध जागा) नाही, तिथला सकाळचा तो फेमस गिझर (जमिनीतून उसळणारा गरम पाण्याचा फवारा) नाही, अख्खा दिवस एका दरीत आणि दोन-तीन तलावांवर घालवलाय, मग भारतातून लाख-दीड लाखाचं तिकीट काढून येणाऱ्याने बघायचं काय. वर जिथे माणसं गाडली गेली तिथे सहल काढणं त्यांना पटलं नाही, माओरी (न्यूझीलंडचे मूळ रहिवासी) गावातला शो म्हणजे गरिबीचं प्रदर्शन वाटलं, आणि गरम पाणीच हवं असेल तर आपलं गणेशपुरी काय वाईट, असंही विचारलंय.

गिझरपासून सुरू करते. वाई-ओ-टापूचा हा लेडी नॉक्स गिझर रोज सकाळी सव्वादहाला उडतो, आणि तो उडतो कारण तिथला माणूस त्याच्या तोंडात साबण टाकतो. साबणाने पाण्याचा पृष्ठताण मोडतो, खालचं अडकलेलं गरम पाणी उसळतं आणि दहा-वीस मीटरचा फवारा येतो. 1901 मध्ये तिथे राहणाऱ्या कैद्यांनी गरम झऱ्यात कपडे धुवायला साबण घातला तेव्हा हे पहिल्यांदा लक्षात आलं. गोष्ट छानच आहे, पण त्या सव्वादहाच्या टायमिंगसाठी तुमची अख्खी सकाळ बांधली जाते, ऑकलंडहून तीन तास गाडी चालवून येणार असाल तर सकाळी लवकर घर सोडायचं आणि तिथे बाकड्यावर बसून राहायचं. फवारा बघायचाच असेल तर रोटोरुआतच, फाकारेवारेवा या माओरी वस्तीजवळ पोहुतु नावाचा गिझर आहे, तो दिवसातून बऱ्याच वेळा स्वतःहून उडतो, तीस मीटरपर्यंत जातो, आणि त्याच्यामागे एक अशी हकीकत आहे जी तुम्ही गणेशपुरीचं नाव काढलंत म्हणून मुद्दाम सांगते. सत्तरच्या दशकात रोटोरुआत घरोघरी, मोटेलोमोटेली बोअर मारून जमिनीतलं गरम पाणी वापरत होते, आणि गावातले गिझर मरगळायला लागले, काही झरे बंदच पडले. शेवटी 1987 च्या सुमारास सरकारने पोहुतुपासून दीड किलोमीटरच्या आतले सगळे बोअर बंद करायला लावले, लोकांनी खूप विरोध केला, पण जमिनीखालचा दाब परत वाढला आणि गिझर सुधारले. गरम पाणी फुकट असतं असं आपण सहज म्हणतो ना काका, इथे त्याचा हिशोब एका पिढीला डोळ्यांनी दिसला.

गणेशपुरी, अकलोलीची कुंडं मलाही प्रिय आहेत, लहानपणी तानसेच्या काठी खूप वेळा गेलेय. पण तिथला ज्वालामुखी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झाला, आज पाणी खडकातल्या भेगांमधून खोल उतरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि वर येतं. रोटोरुआच्या खाली मात्र आग अजून चालू आहे. दोन्ही ठिकाणी अंग शेकलं जातं, पण बघायची गोष्ट वेगळी आहे, आणि म्हणूनच मी तुम्हाला त्या दरीत पाठवतेय.

ती वाइमांगूची दरी 1886 आधी नव्हतीच. 10 जून 1886 च्या रात्री माउंट तारावेरा हा ज्वालामुखी फुटला, डोंगरापासून रोटोमहाना तलावातून इथपर्यंत जमीन सतरा किलोमीटर फाटली. अख्खा तलाव उडाला, त्याच्या काठची गुलाबी आणि पांढरी सिलिकाची नैसर्गिक कुंडं, जी बघायला युरोपातून लोक महिनोन्महिने बोटीने यायचे, ती गेली, आणि ‘ते अरिकी’, ‘मोउरा’, ‘ते वाइरोआ’ ही गावं राखेत आणि चिखलात गाडली गेली. सुमारे 120 माणसं मेली, बहुतेक सगळी माओरी. आज तुम्ही दरीत उतरता तेव्हा पायाखाली दीडशे वर्षांपेक्षाही कमी वयाची जमीन असते, आणि तिच्यावर उघड्या खडकापासून वाफेतल्या शेवाळापर्यंत आणि पुढे घनदाट रानापर्यंत सगळं आपोआप उगवलेलं. असं जगात फार कमी ठिकाणी बघायला मिळतं, म्हणून मी वाई-ओ-टापू सोडलं. तिथला शॅम्पेन पूल सुंदर आहे, केशरी कडा, 74 डिग्री पाणी, मान्य, पण दोन्ही करायला गेलात तर दोन्हीकडे नुसते फोटो काढून पळावं लागतं.

दरीत घाई करू नका. फ्राइंग पॅन लेकच्या कठड्याला जरा वेळ टेकून उभे राहा, सगळ्या तलावातून बुडबुडे येत असतात आणि वाटतं उकळतोय, पण ते पाणी पन्नास-पंचावन्न डिग्रीचंच आहे, बुडबुडे आहेत ते कार्बन डायऑक्साइड वगैरे गॅसचे. वारा फिरला की वाफेचा पडदा बाजूला होतो, मागचे लालसर कडे दिसतात आणि परत झाकले जातात. हा तलाव 1917 च्या स्फोटातून झालाय. त्याच्या वरच्या अंगाला इन्फर्नो क्रेटर, दुधाळ निळा, त्याचं पाणी साधारण 38 दिवसांच्या चक्रात चढतं, ओसंडतं आणि परत कित्येक मीटर खाली जातं, तेव्हा तुम्ही जाल त्या दिवशी तो भरलेला असेल की रिकामा हे नशिबावर. वाटेच्या कडेने गरम ओढा सोबत असतो, त्यात हिरवे, नारिंगी, तपकिरी पट्टे, शेवाळ आणि जिवाणूंचे. ओढ्यात बोट घालू नका, कठडा ओलांडू नका, इथे 1900 ते 1904 मध्ये जगातला सगळ्यात उंच गिझर होता, 400 मीटरच्या वर दगड-चिखल फेकायचा, 1903 मध्ये जवळ गेलेली चार माणसं त्यात गेली.

आता तुमचा तो दुखरा मुद्दा. जिथे माणसं गेली तिथे जावं का? मला वाटतं जावं, आणि नीट जावं. खाली रोटोमहानावर बोट मिळते ती घ्या, वाफाळणाऱ्या कड्यांजवळून ती जाते, गुलाबी कुंडं कुठे होती ते दाखवतात, काळे हंस पोहत असतात. मग गाडीने ‘ते वाइरोआ’ या गाडल्या गेलेल्या गावाला जा, उकरून काढलेली घरं आहेत. तिथे सोफिया हिनेरांगीचं घर होतं, त्या काळातली सगळ्यात नावाजलेली गाइड, तिच्या घराचं छप्पर चांगलं उतरतं होतं म्हणून राखेच्या वजनाने पडलं नाही आणि त्या रात्री तिथे साठेक लोक वाचले. वाचलेले तुहोरांगी (तिथली माओरी जमात) लोक फाकारेवारेवाला येऊन राहिले, सोफिया पण तिथेच गाइड झाली. आज त्या गावात तुम्हाला फिरवणारी मुलगी त्याच लोकांपैकी असते, तिच्या आजीच्या आजीपासूनचं हे काम आहे. गरम कुंडात मक्याची कणसं उकडून देतात ती त्यांची रोजची रांधायची जागा आहे, घरं त्यांची, जमीन त्यांची, तिकिटाचे पैसे त्यांचे. याला गरिबीचं प्रदर्शन म्हणू नका काका, मला मनापासून वाईट वाटलं ते वाचून. ‘ते वाइरोआ’च्या वाटेत निळा आणि हिरवा असे दोन तलाव एकाच टेकाडावरून दिसतात, निळ्यात पोरं पोहतात, हिरवा रोटोकाकाही मात्र पवित्र मानतात, त्यात पोहायला, बोट घालायला बंदी आहे, मालक माओरी आहेत आणि त्यांचा शब्द सगळे पाळतात.

काकूंचे गुडघे दुखतात असं तुम्ही लिहिलंय म्हणून, दरीची वाट बहुतेक उताराची आहे, आणि परत वर आणायला बस असते, मधल्या थांब्यांवरूनही मिळते. चांदीचे पैंजण, जोडवी गाडीत काढून ठेवा, इथल्या गॅसने काळी पडतात. संध्याकाळी गरम पूलमध्ये उतरलात तर डोकं पाण्याखाली घालू नका, तिथे पाट्या असतात आणि कारण गंभीर आहे, अमिबाचा मेंदूज्वर. या गॅसच्या वासाची अर्ध्या तासात सवय होते. बोटीच्या फेऱ्या ठरावीक असतात, म्हणून बुकिंग करताना आधी बोटीची वेळ धरा आणि त्याच्या दोन-अडीच तास आधी दरीच्या वरच्या टोकाला पोचायचं बघा.